पकडायला आलेल्यांसाठी जेवण

वाचन : प्रकटीकरण २:८-११



आजचं वाचन स्मुर्णा येथील मंडळीला पाठवलेलं पत्र आहे. ही मंडळी गरीब होती, तिची निंदा होत होती. प्रभू तिला दोष देत नाही. पण त्रास टळेल असंही म्हणत नाही. तुरुंगवास येणार हे तो आधीच सांगतो. भिऊ नका, शेवटपर्यंत विश्वासू राहा, जीवनाचा मुगूट माझ्याकडे आहे, असा त्याचा निरोप आहे.

स्मुर्णा म्हणजे आजच्या तुर्कस्तानातलं इझमीर. पुढे सुमारे इ. स. १५५ मध्ये तिथल्याच मंडळीचे वृद्ध बिशप पॉलिकार्प यांना विश्वासासाठी मरण पत्करावं लागलं. ती हकिगत त्यांच्या मंडळीने पत्रातून कळवली. त्यात क्विंटस नावाचा एक माणूसही आहे. तो आपणहून अधिकाऱ्यांपुढे गेला, इतरांनाही घेऊन गेला. पण रानटी जनावरं बघितल्यावर त्याचा धीर सुटला आणि त्याने ख्रिस्त सोडला.

पॉलिकार्प मात्र मित्रांचं ऐकून शेतावरच्या घरात लपले होते. शिपाई तिथे पोचले, तेव्हा ते खाली आले आणि त्यांनी त्या शिपायांना पोटभर जेवायला वाढायला सांगितलं. स्वतःसाठी फक्त तासभर प्रार्थना मागितली. दोन तास प्रार्थना केली. दुसऱ्यांदा वाचताना मी त्या जेवणापाशीच थांबले.

कारण मागच्या महिन्यात आमच्या घरची प्रार्थनासभा काही लोकांनी येऊन बंद पाडली. शिवीगाळ झाली. माझी लेक दाराआड उभी राहून रडत होती. त्यांना शेजारच्याच घरातून बोलावलं होतं, असं नंतर कळलं. तेव्हापासून मी त्या घराकडे बघत नाही. जिन्यात ती बाई भेटली की मी मान फिरवते. रोज बायबल वाचते, प्रार्थना करते, पण तिचं नाव काही ओठांवर येत नाही.

मला वाटत होतं, मी विश्वास राखला. तोंडाने तर मी प्रभूला नाकारलं नाही. पण शत्रूंवर प्रीती करा असं सांगणाऱ्या प्रभूला मी जिन्यात रोज नाकारत होते. हे लिहिताना लाज वाटते.

छळ टाळण्यासाठी बाजूला होणं पाप नाही. पॉलिकार्पही लपले होते. न्याय मागणं पाप नाही. पौलानेही कैसराकडे दाद मागितली. आम्हीही मागू. पण मनात द्वेष धरून मागायची नाही.

राज्यपालाने ख्रिस्ताची निंदा करायला सांगितली, तेव्हा पॉलिकार्प म्हणाले, शहाऐंशी वर्षं मी त्याची सेवा केली, त्याने माझं काहीच वाईट केलं नाही. मग मी त्याला कसा नाकारू? असं उत्तर ऐन वेळी सुचत नाही. ते शहाऐंशी वर्षं रोज थोडं थोडं तयार होत असतं.

आज सकाळी मी तिचं नाव घेऊन प्रार्थना केली. जड गेलं. उद्या पुन्हा करीन.

तुमच्या प्रार्थनेत आज कोणाचं नाव राहिलं आहे?

प्रार्थना : प्रभू येशू, ज्यांचा छळ होत आहे त्या आमच्या भावाबहिणींना धीर दे. छळणाऱ्यांनाही तुझी ओळख होऊ दे. भीतीपासून आम्हाला राख, आणि द्वेषापासूनही. आमेन.