भरल्या ताटावरून

भरल्या ताटावरून उठू नये, असे आपण मुलांना शिकवतो. अमेरिकेतील खेड्यापाड्यांत मात्र रविवारी पाहुणे जेवायला बसलेले असताना आगीची वर्दी येते आणि यजमान उठून बंबाकडे धावतो. त्या देशात आग विझवणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक लोक विनावेतन स्वयंसेवक आहेत. बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७३६ साली फिलाडेल्फियात काढलेले पथकही स्वयंसेवकांचेच होते.

शेजाऱ्याचे घर वाचवताना हा मनुष्य आपल्याच घराचा हक्क हिरावून घेतो काय? घरच्यांना न विचारता दिलेला वेळ ही त्यांच्याकडून परस्पर केलेली उसनवारी होय. परंतु त्यांनी मनापासून होकार दिला असेल, तर पाहुण्यांना वाढत राहणारी पत्नी आणि वाट पाहणारी मुले त्या सेवेत भागीदार होतात. म्हणून आभार मानताना त्याचे ताट झाकून ठेवणाऱ्या हातांचीही आठवण ठेवावी.