नायगाऱ्यासमोर काही मिनिटे

स्वस्थ बसा. श्वास आपल्या चालीने चालू द्या.

1840 सालचा एप्रिल महिना मनात आणा. कॅनडाच्या काठावर, नायगाऱ्याच्या नालाकृती धबधब्यासमोर इंग्लंडहून आलेले रसायनतज्ज्ञ ह्यू ली पॅटिन्सन उभे आहेत. शिशातून चांदी वेगळी काढण्याची पद्धत यांनीच शोधली. आज त्यांच्या पेटीत चांदीचा मुलामा दिलेला तांब्याचा पत्रा आहे, आयोडीनच्या वाफेवर धरलेला. डागेर यांची छायाचित्रणाची रीत जगापुढे खुली होऊन अजून वर्षही झालेले नाही.

भिंगावरचे झाकण निघाले. आता थांबायचे. हे चित्र क्षणात उमटत नाही, त्याला मिनिटे लागतात. तेवढा वेळ तुम्हीही थांबा.

पाणी कोसळते आहे. एक लाट कड्यावर येते, खाली जाते. तिच्या जागी दुसरी येते. पत्र्यावर यांतली एकही वेगळी दिसणार नाही. सगळ्यांची मिळून एक पांढरी, सलग झाक उरेल. चित्रात एक माणूसही दिसतो. तो स्तब्ध उभा राहिला, म्हणून दिसतो.

मनातही विचार येत असतील. कामाचा, घरचा, कालच्या बोलण्याचा. एकालाही धरू नका, एकालाही हाकलू नका. येतील तसे जाऊ द्या. जरा वेळाने त्यांच्यामागचा कडा दिसू लागेल: आपल्या श्रद्धा, आपले हट्ट, ‘मी असाच आहे’ ही खात्री.

त्या कड्याकडे नीट पाहा. पॅटिन्सन यांच्या पत्र्यावर तो ठाम, अचल दिसतो. पण त्या काळी नायगाऱ्याचा कडा पाण्याने झिजत दर वर्षी सुमारे मीटरभर मागे सरकत होता. गेल्या सुमारे बारा हजार वर्षांत हा धबधबा अकरा किलोमीटर मागे आला आहे. काही मिनिटांच्या चित्राला हे दिसणे शक्यच नव्हते.

नायगाऱ्याचे हे ज्ञात असलेले सर्वांत जुने छायाचित्र आज इंग्लंडमधल्या न्यूकॅसल विद्यापीठात जपलेले आहे.

उठण्यापूर्वी आपले एक ठाम मत निवडा. दहा वर्षांपूर्वी ते कुठे होते, आठवून पाहा. ते सरकले असेल, तर स्वतःला दोष देऊ नका. आणि दुसऱ्याचे मत सरकायलाही तेवढाच वेळ द्या.