बरोबरची खूण

१६ सप्टेंबर २०२३, शनिवार. रात्री साडेनऊच्या सुमारास मी एका कागदावर बरोबरची खूण केली. ती खोटी होती.

कागद माझाच. सर्व्हरचं काम संपलं की ग्राहकाच्या हाती द्यायची चौदा ओळींची यादी, मीच कधीतरी मोठ्या उत्साहाने बनवलेली. अकरावी ओळ होती : दोन्ही डोमेन कंट्रोलरमधलं रेप्लिकेशन तपासलं. मी ते तपासलं नव्हतं. पुढे बरेच दिवस मी स्वतःला सांगत राहिलो की घाईत विसरलो. तसं नाही. त्या ओळीपाशी पेन थांबलं होतं, मला नीट आठवतं. जो हुकूम टाइप करायचा होता त्याला अर्धं मिनिट लागतं. पण त्याने काही वाकडं दाखवलं असतं तर रात्र गेली असती, रविवार गेला असता, आणि मंगळवारी गणपती होते. काही निघेल या भीतीनेच मी तपासलं नाही. तपासलं नाही तर काही निघत नाही, हा हिशेब त्या क्षणी मला अगदी चोख वाटला.

झाशीत मानिक चौकात, साड्यांच्या दुकानांच्या वरच्या मजल्यावर एका कर सल्लागारांचं ऑफिस आहे. त्यांचं नाव सांगण्याचं कारण नाही, सगळे त्यांना वकीलसाहेब म्हणतात. बावीस कॉम्प्युटर, एक फाइल सर्व्हर, आणि लॉग-इनचा सगळा कारभार पाहणारा एक जुना डोमेन कंट्रोलर. त्यावरच्या विंडोज सर्व्हर २०१२ आर२ची मुदत १० ऑक्टोबर २०२३ला संपत होती. त्यानंतर मायक्रोसॉफ्टकडून सुरक्षेची नेहमीची दुरुस्ती येणार नव्हती. जुन्याच्या जोडीला नवा उभा करायचा, काही आठवडे दोघांना एकत्र नांदवायचं आणि मग जुन्याला निरोप द्यायचा, असं ठरलं. जिन्याची चढाई, लोकांची गर्दी, वीज जाण्याची भीती, हे सगळं पुन्हा नको म्हणून त्याच संध्याकाळी मी फाइल सर्व्हरवरही विंडोज नव्याने घातलं आणि जुन्याच नावाने त्याला डोमेनमध्ये परत जोडलं. एका संध्याकाळी दोन कामं. हाही लोभच होता, पण तो व्यवहारातला. त्याची मला फारशी लाज वाटत नाही.

सोमवारी सकाळी पावणेदहाला फोन आला. अर्ध्या ऑफिसला फाइल सर्व्हर उघडेना. बुधवारी, २० तारखेला, जीएसटीचं ३बी विवरण भरायची शेवटची तारीख. वकीलसाहेबांचा आवाज मुळातच वरच्या पट्टीतला, त्या दिवशी तो फोनशिवायही मानिक चौकातून माझ्या घरापर्यंत पोचला असता.

काय बिघडलं होतं ते आज मी शांतपणे सांगू शकतो. विंडोजचं डोमेन २००० सालापासून कर्बेरॉस नावाच्या पद्धतीवर चालतं. अमेरिकेतल्या एमआयटीत तयार झालेली ही पद्धत; नाव ग्रीक पुराणातल्या पाताळाच्या दारावरच्या तीन तोंडांच्या कुत्र्याचं. तुम्हाला फाइल सर्व्हरकडे जायचं असेल तर आधी डोमेन कंट्रोलरकडून चिठ्ठी घ्यायची. ती चिठ्ठी मोहोरबंद असते, आणि मोहोर उघडायची किल्ली फक्त दोघांकडे : चिठ्ठी देणारा कंट्रोलर आणि ती घेणारा फाइल सर्व्हर. मी फाइल सर्व्हर परत जोडला तेव्हा त्याला नवी किल्ली मिळाली, आणि ती नोंदली गेली नव्या कंट्रोलरच्या वहीत. तिथून ती जुन्याच्या वहीत उतरायला, म्हणजेच रेप्लिकेशनला, एरवी काही सेकंद पुरतात. पण नव्या कंट्रोलरवर मी जो अँटिव्हायरस घातला होता त्याच्या फायरवॉलने दोघांमधलं हे बोलणंच अडवलं. जुना कंट्रोलर आपला इमानेइतबारे जुन्या किल्लीच्या मोहोरेने चिठ्ठ्या देत बसला. फाइल सर्व्हरला त्या उघडेनात. ज्याला सकाळी नव्या कंट्रोलरने आत घेतलं त्याचं काम सुरळीत, ज्याला जुन्याने घेतलं त्याला दार बंद. कॉम्प्युटर परत चालू केला की कधी हा भेटे, कधी तो. म्हणून दहा वाजता चालणारं अकरा वाजता बंद, आणि बंद पडलेलं जेवणानंतर आपोआप चालू.

हे सगळं मला सोमवारी ठाऊक नव्हतं. घड्याळं पाहिली, कारण पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक पडला की कर्बेरॉस रुसतो. ती बरोबर होती. केबली पाहिल्या, पिंग करून पाहिलं, डीएनएस पाहिलं. मग, जाणकार माणूस घाबरला की जे करतो ते केलं : कारण न शोधता एकेक गोष्ट बदलत सुटलो. पगाराच्या फोल्डरवर ‘एव्हरीवन’ला पूर्ण अधिकार देऊन पाहिला. ज्या कॉम्प्युटरवर तपासत होतो तो मधेच परत चालू केला आणि फोल्डर उघडलं! वाटलं, जमलं. जमलं काही नव्हतं. या खेपेला त्याला नवा कंट्रोलर भेटला होता, एवढंच. नंतर कळलं की सर्व्हरचं नाव न देता थेट आयपी पत्ता दिला की सगळीकडे उघडतं. तसं का होतं हे मी स्वतःला विचारायला हवं होतं. आयपी दिला की विंडोज कर्बेरॉस सोडून एनटीएलएम नावाच्या जुन्या वाटेने जातं, हे मी वर्षानुवर्षं लोकांना सांगत आलोय. म्हणजे दुखणं कर्बेरॉसचं होतं, उत्तर माझ्या डोळ्यांसमोर होतं. मी मात्र बावीस टेबलांवर आयपीचे शॉर्टकट बनवले आणि घाम पुसला.

आता एका पोराबद्दल.

ऑफिसात एक विशी-बाविशीचा मुलगा होता. प्रिंटर, शाई, केबली, कुणाचा माउस अडकला तर तो, असं सगळं बघणारा. मला ‘भैया’ म्हणायचा. स्विचच्या कपाटावर त्याने स्वतःच्या अक्षरात चिठ्ठी चिकटवली होती : ‘कृपया हाथ न लगायें’. प्रत्येक केबलीला दोन्ही टोकांना नंबर. इतकं टापटीप कपाट मी झाशीत दुसरं पाहिलेलं नाही, माझ्या घरचं तर नाहीच. मी पोचायच्या आधी त्याने एक काम करून ठेवलं होतं. वीजबिलाच्या पाकिटाच्या कोऱ्या बाजूवर त्याने बावीस कॉम्प्युटरांची यादी केली होती. कुठे उघडतंय तिथे बरोबरची खूण, कुठे नाही तिथे फुली, आणि शेजारी वेळ. पुन्हा अकरा वाजता फिरून दुसरा रकाना भरला होता. “भैया, ये देख लीजिए.” मी “हाँ हाँ” म्हटलं आणि पाकीट न बघता खिशात कोंबलं.

दुपारी वकीलसाहेब माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. पोराकडे बोट दाखवून त्यांनी विचारलं, याने शनिवारनंतर काही हात लावला का? मी मान न वळवता म्हणालो, “हो सकता है.”

तीन शब्द. मनाच्या कोर्टात मी ते फार वेळा मांडले आहेत. ‘लावला’ असं मी म्हटलं नाही. ‘हो सकता है’ हे तर जगातल्या कुठल्याही गोष्टीबद्दल खरंच असतं. पण त्या कपाटावरची चिठ्ठी मी वाचली होती. केबलीवरचे नंबर पाहिले होते. तो हात लावणारा नाही हे त्या खोलीत सगळ्यांपेक्षा मलाच जास्त ठाऊक होतं. तरी ते शब्द निघाले, आणि निघाले तेव्हा मला बरं वाटलं, हे लिहायला सर्वांत जड जातंय. बरं वाटलं. खांद्यावरून काहीतरी उतरलं. उतरलं ते कुठे गेलं, ते मी वळून पाहिलं नाही. संध्याकाळी सगळ्यांदेखत त्याच्याकडून स्विचच्या कपाटाची किल्ली काढून घेतली गेली.

मंगळवारी घरी गणपती आले. आम्ही झाशीचे मराठी. आमच्या घरच्या मराठीला बुंदेलीचा वास येतो आणि मोदकांना इथल्या खव्याचा. झाशीचे राजे गंगाधरराव आणि पुढे राणी झालेल्या मनकर्णिकेचं लग्न १८४२ साली ज्या गणेश मंदिरात लागलं असं सांगतात, तिथेही त्या दिवशी आम्ही जातो. मी गेलो, पण मधेच फोन आला आणि मानिक चौकात परत धावलो. आरतीला नव्हतो. आई काही बोलली नाही. पण ताट झाकून ठेवलं होतं, त्यावरून काय ते कळलं.

बुधवारी रात्री, विवरणं भरून झाल्यावर, एका कॉम्प्युटरची नोंदवही उघडली. सोमवारी सकाळपासून तिथे कर्बेरॉसची चार नंबरची नोंद ओळीने पडली होती. मोहोर आणि किल्ली जुळत नाहीत, हे तिने सर्व्हरचं नाव घेऊन सांगितलं होतं. मग मी शनिवारचा तो अर्ध्या मिनिटाचा हुकूम चालवला : रेपअॅडमिन. लाल अक्षरांची गरज नसते, आकडेच पुरतात. शनिवार संध्याकाळनंतर दोघांची एकदाही देवघेव झाली नव्हती. अँटिव्हायरसमध्ये वाट मोकळी केली, दोघांना बोलायला लावलं, आणि दहा मिनिटांत नावाने दार उघडलं. सहज खिशात हात गेला तर पाकीट हाताला लागलं. सोमवारी कोणता कॉम्प्युटर कोणत्या कंट्रोलरकडून आत गेला ते मी काढलं आणि त्या यादीशी लावून पाहिलं. बावीसच्या बावीस जुळले. ज्याच्यासमोर फुली, तो जुन्याकडचा. दुखण्याचं निदान सोमवारी सकाळी अकरा वाजताच झालेलं होतं, माझ्या खिशात.

आमच्या घराण्यात पूर्वी पोथ्या उतरवून देणारे होते. नकल करणाऱ्यांची एक रीत होती : शेवटी लिहायचं की समोरच्या पुस्तकात जसं दिसलं तसं मी लिहिलं, शुद्ध असो की अशुद्ध, दोष मला देऊ नये. लहानपणी मला ती फार नम्र वाटायची. आता वाटतं, ती पळवाटही असेल. कारण चांगला लेखक उतरवून झाल्यावर मूळ प्रतीशी ताडून पाही, मगच पोथी बांधी. ताडून न पाहिलेली प्रत फिरली की पाठभेद निर्माण होतात, आणि मग पुण्याच्या भांडारकर संस्थेसारख्यांना महाभारताच्या शेकडो प्रती मांडून अनेक दशकं बसावं लागतं. या शहराला प्रतींची किंमत कळायला हवी. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५८मध्ये इंग्रजांच्या वेढ्यात इथे अडकले होते. शहर पडल्यावर झालेल्या लुटीत संस्थानचा ग्रंथसंग्रह कसा गेला ते ‘माझा प्रवास’मध्ये त्यांनी हळहळून लिहिलंय. ते पुस्तक १९०७ साली छापलं गेलं, आमच्या घरी त्याची एक कव्हर गेलेली प्रत आहे. दुसरा कंट्रोलर म्हणजे तरी काय, दुसरी प्रत. एक जळाली तर दुसरी असावी म्हणून. मी दुसरी प्रत तयार केली, ताडली नाही, आणि खाली बरोबरची खूण केली.

वकीलसाहेबांना गुरुवारी सांगितलं : नव्या सर्व्हरवरच्या अँटिव्हायरसने अडवलं होतं. वाक्य खरं आहे. पुढचं अर्धं वाक्य, ‘आणि मी ते शनिवारी तपासलं नव्हतं’, मी गिळलं. पोराचं नाव त्यांनी काढलं नाही, मग मीही काढलं नाही. बिलात सोमवार-मंगळवारच्या तातडीच्या दोन खेपांचे तीन हजार लावले, आणि ते त्यांनी दिले. पगाराच्या फोल्डरवरचा ‘एव्हरीवन’ मी काढायला विसरलो. हे मात्र खरोखरच विसरलो. अनंत चतुर्दशी उरकून २९ तारखेला गेलो तेव्हा काढला. अकरा दिवस त्या ऑफिसात कुणीही कुणाचा पगार पाहू शकत होता. कोणी पाहिला का, ते कळणार नाही, कारण त्याची नोंद ठेवायची सोयही मी चालू केलेली नव्हती.

दिवाळीनंतर तो मुलगा ग्वाल्हेरला गेला. पगार जास्त मिळाला म्हणून गेला, असं मी विचारणाऱ्याला सांगतो. कपाटाची किल्ली त्याला परत मिळाली नव्हती, हे सांगत नाही.

गेल्या महिन्यात त्याचा फोन आला. तिथल्या ऑफिसात दुसरा डोमेन कंट्रोलर जोडायचाय, भैया, काय काय सांभाळू? मी पाऊण तास बोललो. इतकं मन लावून मी कुणाला काही शिकवलेलं नाही. जोडून झाल्यावर रेपअॅडमिन चालव, म्हटलं, दोन्हीकडून चालव, फायरवॉल बघ, एकाच संध्याकाळी दोन कामं अंगावर घेऊ नकोस, आणि यादीत खूण करायच्या आधी स्वतःच्या डोळ्यांनी बघ. पलीकडे पेनाचा आवाज येत होता. “लिख रहे हैं, भैया.” मग थोडं थांबून, अगदी सहज, त्याने विचारलं, मानिक चौकात त्या वेळी शेवटी काय निघालं होतं?

पाकीट समोर टेबलावर होतं. मी म्हणालो, “एंटीवायरस.”

त्याने तेही लिहून घेतलं.