दुनिया, म्हणजे अलीकडची

‘दुनिया’ हा शब्द मराठीत इतका मुरला आहे की तो मुळात विशेषण होता हे ध्यानातही येत नाही. अरबीत द-न-व या धातूचा अर्थ जवळ असणे. ‘अद्ना’ म्हणजे अधिक जवळचा. त्याचे स्त्रीलिंगी रूप ‘दुन्या’. अकबर-कुब्रा, असगर-सुग्रा ही रूपे ज्या साच्यातली, त्याच साच्यातले हेही. ‘अल्-हयात अद्-दुन्या’ म्हणजे हे जवळचे जीवन. ‘हयात’ स्त्रीलिंगी, म्हणून विशेषणही स्त्रीलिंगी. पुढे नाम गळून पडले आणि विशेषणच नाम होऊन बसले.

लिहितानाही या शब्दाचे वेगळेपण दिसते. ‘कुब्रा’तला शेवटचा ‘आ’ अरबी लिपीत ‘य’च्या आकाराने लिहितात. ‘दुन्या’त मात्र सरळ उभा अलिफ येतो, कारण त्याच्याआधी एक ‘य’ आहेच आणि दोन ‘य’ शेजारी नकोत. धातूतला ‘व’ इथे ‘य’ झाला आहे. शब्द कर्ता असो वा कर्म, शेवट बदलत नाही.

दुन्या म्हणजे क्षुद्र, खालच्या पायरीची, असे निरूपण वारंवार ऐकू येते. कोशांत तो अर्थही आहे, पण त्यालाच मूळ अर्थ मानणे मला पटत नाही. बद्रच्या लढाईच्या (इ.स. 624) संदर्भात कुराणात दरीच्या दोन काठांचा उल्लेख आहे: एक ‘दुन्या’, दुसरा ‘कुस्वा’. म्हणजे आपल्या भाषेत अलीकडचा आणि पलीकडचा. ताऱ्यांनी सजवलेले आकाशही तिथे ‘अस्-समा अद्-दुन्या’, सर्वांत जवळचे आकाश आहे. त्याला क्षुद्र कोण म्हणेल? हा शब्द निंदा करत नाही, अंतर सांगतो. आणि अंतर सांगायचे तर पलीकडे दुसरे काहीतरी लागतेच: ‘आखिरा’, शेवटची, मागाहून येणारी.

इजिप्तच्या बोलीत तर दुन्या अगदी अंगाला भिडते. उकडत असले की तिथला माणूस म्हणतो ‘इद्-दुन्या हर्र’, दुनिया गरम आहे. पाऊसही दुनियाच पाडते.

मराठीत हा शब्द फारसीमार्गे आला. फारसीत व्याकरणिक लिंग नाही, तरी आपल्याकडे दुनिया पुन्हा स्त्रीलिंगीच झाली. जोडी मात्र फुटली. ‘आखिरा’ ज्या धातूची, त्याच धातूचा ‘आखिर’ आपल्याकडे ‘अखेर’ होऊन वेगळाच नांदला. दुनिया गाण्यांत आणि गप्पांत रमली. अखेर हिशेबाच्या वहीत ‘मार्चअखेर’ म्हणून जाऊन बसली.