जेवायची वेळ

फ्रान्सच्या दक्षिणेकडे, समुद्रसपाटीपासून हजारेक मीटर उंच पठारावर ल शांबों-सुर-लिन्यों नावाचं गाव आहे. हिवाळा लांबलचक, बर्फानं वाटा बंद होणार, माणसं मोजकं बोलणारी. गावातले बहुतेक जण प्रॉटेस्टंट. 1685 मध्ये चौदाव्या लुईनं प्रॉटेस्टंटांचं उपासनास्वातंत्र्य काढून घेतलं, तेव्हा यांच्या पूर्वजांनी रानावनात लपूनछपून प्रार्थना केल्या होत्या. राजाचा हुकूम आणि देवाची आज्ञा एकच असते असं नाही, हे तिथल्या पोरांना वेगळं शिकवावं लागत नसे.

जून 1940 मध्ये फ्रान्सनं हिटलरपुढे हात टेकले. तहाच्या दुसऱ्याच दिवशी रविवार होता. पाळक आंद्रे त्रोक्मे आणि त्यांचे सहकारी एद्वार तेस यांनी मंडळीला सांगितलं की, देवाच्या आज्ञेविरुद्ध काही करायला लावलं तर आपण नकार द्यायचा. घाबरायचं नाही, पण मनात द्वेषही धरायचा नाही. उपदेश म्हणून हे छानच आहे. तो निभवायचा कसा, हे मात्र पाळकांच्या स्वयंपाकघरात ठरलं, आणि तिथं राज्य होतं पाळकबाई माग्दा यांचं.

त्या हिवाळ्यात एका संध्याकाळी दारात एक बाई उभी राहिली. जर्मनीतून पळून आलेली ज्यू, बर्फात भिजलेली, थंडीनं आणि भीतीनं कापणारी. आत येऊ का, म्हणाली. माग्दाबाईंनी तिला घरात घेतलं, शेगडीपाशी बसवलं, ओले बूट वाळायला ठेवले आणि तिच्यासाठी कागदपत्रं मिळतात का ते बघायला त्या सरपंचाकडे धावल्या. सरपंच उखडला. एका परक्या बाईपायी सगळं गाव संकटात घालणार का, तिला आधी घालवा, असं त्यानं बजावलं. त्या परतल्या तर इकडे बूट जळून गेलेले! बुटांची टंचाई असलेल्या दिवसांत माग्दाबाई तिच्या पायांसाठी जोड शोधत फिरल्या. तिला त्या घरी ठेवून घेऊ शकल्या नाहीत, पुढच्या ओळखीच्या घरी पाठवावं लागलं, आणि ती खंत त्यांना कायम राहिली. एक गोष्ट मात्र त्या शिकल्या: यापुढे सरपंचाला विचारायचं नाही.

1942 च्या ऑगस्टमध्ये पोलीस बसगाड्या घेऊनच आले. ज्यूंची नावं द्या, म्हणाले. त्रोक्मेंनी नकार दिला. पोलिसांनी जवळपास तीन आठवडे गोठे, माळे, तळघरं उपसली आणि हाती जेमतेम कुणी लागलं. माणसं शेतावरच्या घरांत आणि जंगलात पांगली होती.

मग 13 फेब्रुवारी 1943 ची संध्याकाळ आली. दोन पोलीस पाळकांना धरून न्यायला घरी आले. पाळक सभेला गेले होते. माग्दाबाईंनी पोलिसांना त्यांच्या अभ्यासिकेत बसवलं आणि पुन्हा स्वयंपाकाला लागल्या. चार मुलांचं घर, वर आला-गेला रोजचाच. पाळक आले. पान वाढायची वेळ झालीच होती, तेव्हा बाईंनी पोलिसांनाही बसायला सांगितलं. पुढे लोक त्यांना विचारत, नवऱ्याला न्यायला आलेल्यांना जेवायला कसं बसवलंत? त्यांना त्या प्रश्नाचंच नवल वाटे. जेवायची वेळ होती, आम्हीही जेवणार होतो, यात विशेष ते काय?

तोवर गावात कुणकुण लागली होती. एकेक जण घरी येऊ लागला: कुणी सार्डिनचा डबा आणला, कुणी गरम मोजे, कुणी मेणबत्ती. मेणबत्ती आहे पण काडेपेटी नाही, असं कुणाच्या तरी लक्षात आलं. तेव्हा पोलीस अधिकाऱ्यानं आपल्या खिशातली काडेपेटी काढून दिली.

आपल्याकडे मंडळीत अन्यायाचा विषय निघाला की लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, प्रभूनं दुसरा गाल पुढे करायला सांगितलंय, तेव्हा गप्प राहा आणि प्रार्थना करा. दुसरा म्हणतो, मंदिरातल्या सराफांचे चौरंग उलथवणाराही प्रभूच होता, तेव्हा आता हात उचला. पहिल्याला विचारावंसं वाटतं: पुढे करायचा तो आपला गाल, शेजाऱ्याचा गाल पुढे करायची परवानगी तुला कुणी दिली? दुसऱ्याला काय सांगायचं ते माग्दाबाईंच्या टेबलावर मांडलेलं आहेच. या गोष्टीचा बोध तिथंच आहे: ज्याच्यावर अन्याय होतो त्याला पदराआडून सोडायचं नाही, आणि जो अन्याय करायला येतो त्याला माणसातून उठवायचं नाही. आधी एक आणि मग सवडीनं दुसरं, असंही नाही. दोन्ही एकाच संध्याकाळी, एकाच घरात.

हे भोळेपण नव्हे. पुरावा हवा तर छावणीतला पाहा. त्रोक्मे, तेस आणि गावातले शिक्षक रोजे दार्सिसाक यांना लिमोज शहराजवळच्या छावणीत ठेवलं होतं. महिनाभरानं सुटकेचा हुकूम आला. हिटलरपुढे नमलेल्या मार्शल पेतां यांच्या फ्रेंच सरकारचे आदेश पाळीन, एवढ्या कागदावर सही करा आणि घरी जा. दोघा पाळकांनी सही केली नाही. अधिकाऱ्याला पटेना, दार उघडं आहे आणि माणूस कागदापायी आतच राहतो! पोलिसाला जेवायला बसवणाऱ्या घरातला माणूस एका सहीलाही राजी नव्हता. दुसऱ्या दिवशी त्यांना तसंच सोडावं लागलं.

खाऊ घातलं की पोलीस विरघळतो, असा हिशेब मात्र यातून कुणी मांडू नये. त्याच वर्षी जूनमध्ये हिटलरच्या गुप्त पोलिसांनी, गेस्टापोनं, विद्यार्थ्यांच्या वसतिगृहावर धाड घातली. तिथले व्यवस्थापक दानिएल त्रोक्मे, पाळकांचे नात्यातले. धाडीच्या वेळी ते दुसऱ्या घरी होते, पळून जाता आलं असतं. ते विद्यार्थ्यांजवळ गेले. 1944 च्या एप्रिलमध्ये नाझींच्या मायदानेक छावणीत त्यांचा अंत झाला.

गावातली दारं त्यानंतरही बंद झाली नाहीत. त्या पठारावर किती जीव वाचले, यावर इतिहासकारांचं एकमत नाही. कुणी तीन हजार म्हणतं, कुणी पाच, कुणी त्याहून बरंच कमी. आकडा जुळणार कसा? पोलिसांनी मागितलेली यादी तेव्हा कुणी दिली नाही, आणि अशा कामाची वहीही कुणी घालत नाही.