चंद्रोदय कोणत्या गावचा?

संकष्टीचा उपास सोडण्याची आठवण मोबाइलने मुंबईच्या चंद्रोदयावर दिली, तर पूर्वेकडच्या साकोलीत चंद्र सुमारे अर्धा तास आधीच उगवलेला असतो. घड्याळ दोन्हीकडे एकच, कारण १९०६ साली आलेली प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर बेतली आहे. साकोली ८० अंशांजवळ, मुंबई ७३ अंशांजवळ, आणि दर अंशाला चार मिनिटांचा फरक. प्रमाणवेळ ही व्यवहाराची सोय. व्रत मात्र चंद्रदर्शनाशी बांधलेले. म्हणून यंत्राला ठरावीक मिनिटाऐवजी गावाचे अक्षांश-रेखांश द्यावेत.

भाव असला की मिनिटांचा काथ्याकूट कशाला, असे कोणी म्हणेल. पण अर्घ्य द्यायचे ते डोळ्यांपुढच्या चंद्राला. सर्वांची वेळ एक असल्याने एकोपा वाढतो, हाही आक्षेप टिकत नाही. सर्वांनी पाळलेला नियम एकच राहतो, आणि एकोप्याला तेवढे पुरते.