एका वर्षाचा ट्रेड

"सर, एका वर्षात होतंय न्हवं नक्की?"

आयटीआयच्या प्रवेशाच्या दिवसांत हा प्रश्न मी वर्षानुवर्षं ऐकला. विचारणारी बहुतेक वेळा आई असायची. हातात कागदपत्रांची प्लास्टिकची पिशवी, मागे खाली मान घालून उभा असलेला पोरगा. ट्रेडमध्ये काय शिकवतात, नोकरी कुठे लागते, हे सगळं तिच्या लेखी नंतरचं. तिला घरातल्या किती महिन्यांची भाकरी या शिक्षणापायी थांबणार, ते आधी कळायला हवं असायचं.

इलेक्ट्रिशियन आणि फिटर दोन वर्षांचे, त्यांना दहावी पास लागते. वेल्डर एका वर्षाचा आणि आठवी पासवर मिळणारा. त्यामुळे गुणवत्ता यादी खाली सरकत सरकत आली की उरलेली मुलं आमच्या वेल्डिंगच्या शेडमध्ये यायची. 'उरलेली' हा शब्द संस्थेतही सर्रास वापरला जायचा. मला त्याचा राग यायचा, अजूनही येतो.

कारण कोण यायचं ते मी जवळून पाहिलं आहे. गणितात दोनदा राहिलेला, पण ट्रॉलीचा जोड कुठून तुटणार हे नुसतं बघून सांगणारा मुलगा. ग्रिलच्या दुकानात सहा वर्षं काम करून तिशीत प्रवेश घेतलेला एक जण. त्याला आखातात जायचं होतं आणि एजंट सर्टिफिकेट मागत होता. त्याचा हात माझ्याइतकाच स्थिर होता. कागद नव्हता, एवढंच. एका वर्षी दोन मुली आल्या. त्यातल्या एकीच्या वडिलांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "हिच्या चेहऱ्याला काय होणार न्हाई ना?" मी त्यांच्या हातात हेल्मेट दिलं आणि त्याच्या काचेतून सूर्याकडे बघायला सांगितलं. काच डोळ्यांसमोर धरून ते बराच वेळ गप्प उभे राहिले.

आणि ऊसतोडीच्या घरातली मुलं. दसरा-दिवाळी झाली की आईबाप कोयते घेऊन कारखान्याच्या रस्त्याला लागायचे. मुलगा मागे एकटा, स्वतःच स्वयंपाक करून शेडमध्ये यायचा. त्याची हजेरी कमी का, हे नोटीस लावून समजणारं नव्हतं.

सुरुवातीला मी पहिल्या दिवशी सगळ्यांना विचारायचो, "हा ट्रेड का निवडला?" पुढे विचारणं सोडलं. त्यांनी काही निवडलेलंच नसायचं. घरच्या अडचणीने निवडलेलं असायचं, यादीने निवडलेलं असायचं. आवड असली तरच शिक्षण खरं, असं आपण फार सहज बोलतो. ज्यांच्या घरी दोन वर्षं थांबता येतं त्यांचं ते बोलणं.

आवड मागाहून येते, आणि ती येताना मी पाहिली आहे.

पहिले काही दिवस वेल्डिंगचा रॉड नुसता चिकटतो. काडेपेटीवर काडी ओढावी तसा तो प्लेटवर ओढायचा आणि लगेच किंचित उचलायचा. कमी उचलला तर चिकटतो, जास्त उचलला तर आर्क विझतो. रॉड ३.१५ मिलिमीटरचा असेल तर अंतरही साधारण तेवढंच ठेवायचं. शिवाय रॉड जळत जातो तसा हात खाली यायला हवा. काचेतून तेवढा उजेड सोडून काही दिसत नाही. म्हणून मी सांगायचो, कानाने शिका. नीट चाललेल्या आर्कचा आवाज तेलात पापड सोडल्यासारखा, एकसारखा येतो. एखादा मुलगा पहिल्याच आठवड्यात उघड्या डोळ्यांनी बघायचा आणि रात्रभर डोळ्यांत वाळू गेल्यासारखा तळमळायचा. दुसऱ्या दिवशी लाल डोळ्यांनी, तरीही वेळेवर हजर.

एका वर्षी रॉड वेळेवर आलेच नाहीत. पोरांनी पंधरा दिवस प्लेटवर खडूने रन, म्हणजे वेल्डिंगच्या सरळ रेघा, मारले. हाताला वळण लागतं म्हणून मीच सांगितलं होतं, पण मान खाली घालून खडू ओढणारी ती मुलं आठवली की आजही वाईट वाटतं. ज्यांच्याकडे एकच वर्ष आहे, त्यांचे पंधरा दिवस गेले.

त्याच बॅचमधला ऊसतोडीच्या घरचा एक मुलगा आता साखर कारखान्यात आहे. गाळप चालू असताना उसावर पकड राहावी म्हणून मिलच्या रोलरच्या दात्यांवर वेल्डिंगचे थेंब टाकून ते खरबरीत करावे लागतात. फिरत्या रोलरवर, वाफेत आणि रसाच्या चिकटाईत हे काम चालतं. तो ते करतो.

त्याच्या हातून पहिल्यांदा सरळ रन पडला तो दिवस मला आठवतो. थंडीचे दिवस होते. रन संपला, त्याने हेल्मेट वर केलं आणि वर गोठलेली मळीची खपली, म्हणजे स्लॅग, फोडायला चिपिंग हॅमर उचलला. मी म्हटलं, "थांब जरा." प्लेट निवत होती. रन नीट पडला असला की कधी कधी स्लॅगला हातोडी लावावीच लागत नाही. बारीक टिक-टिक आवाज झाला, एका टोकाकडून खपली उचलली गेली आणि वळत वळत आपोआप सुटून खाली पडली. खाली लोखंडाची चकचकीत, सारख्या लाटांची रेघ. त्याने प्लेट सांडशीत धरली, दारापाशी उजेडात नेली आणि तिथेच उकिडवा बसून बघत राहिला. जेवणाची सुट्टी झालेली त्याला कळली नाही.